बाळंतविडा, आठ माणसं आणि कुलूची वाट

पुण्यात मे महिन्यात लोकर हातात घेणाऱ्या बाईकडे लोक जरा काळजीनंच बघतात. बाहेर चाळीस अंश, पंखा गरम वारा फेकतोय आणि ही मांडीवर स्वेटर घेऊन बसलीय. पण बाळं काही हवामान बघून येत नाहीत. भाचीचे, म्हणजे माझ्या नणंदेच्या मुलीचे, श्रावणात दिवस भरतायत. मामीकडून बाळंतविडा जायचा तो हातचाच, असं ताईंनी, म्हणजे त्याच नणंदेनं, परस्पर जाहीर करून टाकलंय. टोपडं, मोजे आणि स्वेटर माझ्याकडे. दुपटं आणि कुंची आईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे.

आता उन्हाळ्यात विणायला वेळ कुठून काढायचा? मुलं दिवसभर घरात, कैऱ्या आणून ठेवलेल्या, दोन लग्नं, एक मुंज, पाहुण्यांची ये-जा. त्यात यंदा कुलू-मनालीची सहल ठरली. आम्ही चौघं, आई, ताई, भाऊजी आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा. सलग दोन तास मिळतील ही आशा मी केव्हाच सोडली आहे. वेळाची वाट बघण्यापेक्षा काम फोडून ठेवावं आणि जी फट मिळेल तिच्यात बसेल तो तुकडा घालावा, हे मला पटलेलं आहे.

म्हणून तीन थैल्या केल्या. पहिलीत बिनडोक काम: टोपडं आणि मोजे, नुसतं सुलट विणत जायचं. दुसरीत डोक्याचं काम: स्वेटर, ज्याच्या छातीवर जाळीची नक्षी आहे आणि ओळी मोजाव्या लागतात. तिसरीत सटरफटर: बोथट टोकाची सुई, छोटी कात्री, टेप, क्रोशाची एक सुई आणि टाल्कम पावडर. पावडर कशाला, असं नवऱ्यानं विचारलं. घामेजल्या हातांत ॲक्रिलिकचा धागा चरचरतो आणि स्टीलच्या सुईवरून सरकता सरकत नाही. चिमूटभर पावडर चोळली की हात पुन्हा चालायला लागतो.

हो, ॲक्रिलिकच. बाळासाठी खरी लोकर घ्यायची हौस मलाही आहे, पण ती मानेला टोचते आणि एकदा मशीनमध्ये गेली की आटून बाहुलीच्या मापाची होते. बाळाचे कपडे कोण हातानं धुणार? तीन पदरी मऊ धागा घेतला, रंग पिवळा आणि पिस्ता. मुलगा की मुलगी हे आपल्याकडे आधी कळत नाही आणि कळूही नये, त्यामुळे दुकानदारालाही हे दोन रंग पाठ झालेत. सुया दहा नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. काठासाठी बारा नंबर, म्हणजे पावणेतीन. नंबर चढला की सुई बारीक होते, हे नवीन शिकणाऱ्यांना कधीच पटत नाही.

शनिवार, पुणे स्टेशन

झेलम एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते. आठ माणसांचं सामान बाकाखाली कोंबून होईपर्यंत दौंड आलं. आईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, ताईंनी बटाट्याची भाजी. जेवणं उरकली, अंथरुणं पडली, मधले बर्थ उघडले. अशा वेळी खालच्या बर्थवर मान वाकवून बसावं लागतं, पण डोक्याशी छोटा दिवा असतो आणि कुणी काही मागत नाही. मी टोपडं विणायला घातलं.

84 टाके. माझ्या हाताला या सुईवर दहा सेंटिमीटरमध्ये 28 टाके बसतात, म्हणजे टोपडं तीस सेंटिमीटर घेराचं होतं. नवजात बाळाचं डोकं साधारण 34-35 सेंटिमीटर असतं, पण काठ दोन सुलट-दोन उलट असला की तो ताणतो आणि टोपडं डोक्यावर धरून राहतं. लांब दोरीची सुई आणली होती. अर्धे टाके एका टोकाला, अर्धे दुसऱ्या टोकाला, दोरीचा फास मधून बाहेर काढायचा आणि गोल गोल विणायचं. प्रवासात हीच सुई बरी. सरळ लांब सुया शेजारच्याच्या बरगडीत जातात, आणि एक हातातून सुटली की थेट बाकाखाली, चपला आणि शेंगांच्या टरफलांत.

मनमाडला चहावाल्यानं सगळ्यांना उठवलं. काठ तोवर झाला होता.

रविवार, गाडीतच

इटारसीला उजाडलं. पुढे नर्मदेचा पूल आला, आईंनी हात जोडून नाणं टाकायला खिडकी उघडायचा प्रयत्न केला आणि एसीच्या डब्याला दोन शब्द सुनावले.

दिवसभर गाडीत म्हणजे विणायला रान मोकळं, असं बाहेरून वाटतं. तसं नसतं. भोपाळपर्यंत पोहे आणि चहा. मग पत्ते. इथे मात्र माझं एक ठाम मत आहे: कुटुंबात कुठला डाव मांडला जातो यावर विणकामाचं भवितव्य ठरतं. मेंढीकोटमध्ये डोकं आणि दोन्ही हात अडकतात, भिडू डोळे वटारतो. बदाम सात मात्र आठ जणांत खेळला की आपली पाळी यायला इतका वेळ लागतो की अर्धी ओळ सहज होते. शिवाय निम्म्या वेळा आपल्याकडे पान नसतंच, ‘पास’ म्हणायचं आणि पुढे विणायचं. मी बदाम सातचा आग्रह धरला. ‘मामी बायस्ड आहे,’ भाचा म्हणाला. आहेच.

झाशीच्या पुढे माझ्या धाकट्यानं वरच्या बर्थवरून उडी मारली. पाय सुईवर. सुई निघाली आणि पाच-सहा टाके मोकळे झाले. त्यातला एक खाली खाली उसवत गेला, थेट काठापर्यंत. वर नुसत्या आडव्या धाग्यांची शिडी उरली. मी थैलीत हात घालेपर्यंत समोर बसलेल्या आईंनी आपली क्रोशाची सुई पुढे केली आणि टोपडंही हातातून घेतलं. आई स्वतः सुयांवर विणत नाहीत. ‘दोन सुया कशाला, एकीनं होतंय की,’ हे त्यांचं जुनं मत आहे. पण उसवलेला टाका वर आणायला क्रोशासारखं दुसरं काही नाही. सर्वांत खालच्या फासात आकडी घालायची, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा पकडायचा, फासातून ओढून घ्यायचा. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या. डबा हलत होता तरी त्यांचा हात हलला नाही. दहाव्या धाग्यानंतर टाका सुईवर परत आला आणि कुठून उसवला होता ते मलाही दाखवता आलं नसतं. धाकटा तेवढा वेळ श्वास रोखून बसला होता.

ग्वाल्हेरनंतर चंबळची घळ लागली. मुलं खिडकीला चिकटली, भाऊजींनी डाकूंच्या गोष्टी सुरू केल्या आणि मला सलग पाऊण तास मिळाला. पठाणकोटला चाललेल्या एक बाई पलीकडच्या बाकावर होत्या, मुलगा फौजेत. त्यांनी टोपडं हातात घेतलं, बोटांत पसरून बघितलं आणि म्हणाल्या, ‘कान कहाँ हैं?’ त्यांच्याकडे बाळाच्या टोपीला कानपट्ट्या असतातच म्हणे. पुण्याच्या श्रावणात कान झाकायची किती गरज पडणार, हा विचार मनात आला, पण आमच्या शिवलेल्या टोपड्यालाही कानांवरून येणारे बंद असतातच की. मथुरेपर्यंत दोन्ही बाजूंना तेरा-तेरा टाके उचलून कानपट्ट्या काढल्या. बाईंनी पसंतीची मान हलवली आणि मला आग्ऱ्याला घेतलेला पेठा दिला.

ताईंनी दिल्लीला विचारलं, ‘झालं का गं टोपडं?’ झालं होतं. बंद सोडून.

सोमवार, अंबाला ते नग्गर

मध्यरात्र उलटल्यावर अंबाला. टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. पोरांना अर्ध्या झोपेत एका वाहनातून दुसऱ्यात टाकलं. उजाडलं तेव्हा बिलासपूरच्या वर होतो आणि खाली भाक्रा धरणाचं गोविंदसागर पसरलेलं होतं. मे महिना असल्यामुळे पाणी बरंच उतरलेलं.

घाटात विणताना खाली बघितलं की पोट ढवळतं. त्यामुळे घाटात फक्त असं काम जे न बघता होईल: मोज्यांची पट्टी, दोन्ही बाजूंनी सुलट. बोटाला फासाचा उंचवटा लागतो, सुई आपोआप आत जाते, नजर लांब डोंगरावर ठेवायची. नव्या रस्त्यावर बोगद्यामागून बोगदे आहेत, मंडीच्या पुढे औटचा तर जवळजवळ तीन किलोमीटरचा. अंधारात सगळे गप्प होतात. माझ्या बोटांना उजेड-अंधार सारखाच.

पंडोहच्या धरणापाशी नवऱ्यातला अभियंता जागा झाला. बियासचं पाणी इथं अडवून डोंगरातून बोगद्यानं सुंदरनगरला नेतात, तिथून पुढे डेहरच्या वीजघरात सोडून सतलजला मिळवतात. एक नदी उचलून दुसरीत टाकलेली आहे, वगैरे. विषय खरंच चांगला आहे, आणि तो मनापासून सांगतो. तसंच हेही खरं की नवऱ्याचं व्याख्यान ही विणकामासाठी उत्तम वेळ असते: हुंकार द्यायचा, हात चालू ठेवायचा. पहिला मोजा टाचेपर्यंत आला.

संध्याकाळी नग्गरला पोहोचलो. मुक्काम एका घरगुती ठिकाणी, सफरचंदाच्या बागेत. हवा गार. ताईंनी शाल काढली आणि मला म्हणाल्या, ‘आता विण गं, आता शोभतंय.’

मंगळवार, नग्गर

सकाळी सगळे झोपलेले असताना मी दुसरी थैली काढली. डोक्याचं काम फक्त इथेच होतं, सहा ते साडेसात. स्वेटर मी गळ्यापासून खाली विणते, पाठ, पुढचे भाग आणि बाह्या एकाच तुकड्यात. त्याचा फायदा असा की शेवटी शिवणी घालायच्या राहत नाहीत, आणि बाळ मोठं निघालं तर खाली चार ओळी वाढवता येतात. जाळीची नक्षी आठ ओळींची: धागा सुईवरून घ्यायचा, पुढचे दोन टाके एकत्र. एक भोक वाढलं की एक टाका कमी होतो, हिशेब बरोबर राहतो. समोर बागेत काळपट डोक्याचे पक्षी ओरडत होते. नाव मला ठाऊक नाही, लेकीनं फोनवर शोधलं असतं पण ती नऊला उठली.

मग नग्गरचा किल्ला. एकेकाळी कुलूच्या राजांचा वाडा, आता त्यात सरकारी हॉटेल आहे. भिंतीत देवदारच्या तुळयांचा एक थर आणि दगडांचा एक थर, असं वरपर्यंत. याला काठकुणी म्हणतात. चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या या भिंती भूकंपात थोड्या हलतात पण कोसळत नाहीत. 1905च्या कांगड्याच्या भूकंपातून हा वाडा वाचला तो त्यामुळे. मंडळी आत फिरत होती, आई आणि मी व्हरांड्यात. खाली सगळं बियासचं खोरं. आईंनी दुपट्याच्या कडेची क्रोशाची जाळी काढली. दुपटं त्यांच्या जुन्या सुती नऊवारीचं आहे, तीस वर्षं धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. बाजारात असलं कापड मिळत नाही, ते वापरूनच तयार करावं लागतं.

दुपारी रोरिक यांचं घर. निकोलस रोरिक हा रशियन चित्रकार 1928 साली इथे येऊन राहिला आणि 1947मध्ये इथेच गेला. हिमालयाची त्याची चित्रं निळ्या-जांभळ्या रंगांत आहेत आणि खिडकीतून दिसणारा डोंगर खरोखर तसाच दिसतो, हे बघून लेक गप्प झाली. आईंना मात्र रस देविकाराणीत. नटी देविकाराणीनं 1945मध्ये त्याच्या मुलाशी, स्वेतोस्लावशी लग्न केलं, हे त्यांना आम्हा कुणापेक्षा नीट माहीत होतं.

पण त्या दिवसातलं माझ्या लक्षात राहिलं ते परतीच्या वाटेवरचं. गावातून वर चढणाऱ्या पायवाटेनं एक बाई आमच्या पुढे चालल्या होत्या. पाठीवर चाऱ्याचा भारा, अंगावर पट्टू, म्हणजे इथल्या बायकांचं लोकरीचं वस्त्र, खांद्यापाशी चांदीच्या टाचणीनं अडकवलेला, आणि हातात पाच आखूड सुया. चारांवर मोजा चौकोनात ताणलेला, पाचवी विणती. लोकरीचा गुंडा कुठे दिसेना. नीट बघितलं तर तो पट्टूच्या ओच्यात होता, आणि धागा तिथून उजव्या हाताच्या करंगळीला एक वेढा घेऊन वर येत होता. ताण त्या वेढ्यानं सांभाळलेला. चढ मोठा, पायाखाली सैल दगड, बाई शेजारणीशी गप्पा मारतायत आणि मोजा वाढतोय. तांबडा आणि पांढरा असे दोन धागे एकाच वेळी, शंकरपाळ्यांची नक्षी, आणि खाली एकदाही नजर नाही.

मी धीर करून विचारलं, नक्षी मोजत नाही का. त्या हसल्या. ‘गिनना क्या, ऊपर वाला बता देता है.’ मला आधी देवच वाटला. मग त्यांनी बोटानं मोज्याच्या आधीच्या ओळीला हात लावून दाखवलं: खालच्या ओळीत तांबडा कुठे संपला हे बोटाला कळतं, त्याच्या एक टाका अलीकडे नवा तांबडा सुरू. थांबल्या नाहीत, चालता चालताच दाखवलं. मी त्यांच्या बरोबरीनं चढायचा प्रयत्न केला आणि धाप लागून एका दगडावर बसले. त्यांच्या दिवसात विणकामासाठी वेगळा वेळ काढलेला नाही. चारा आणायला जायचंच आहे, हात रिकामे आहेत, म्हणून मोजा.

बुधवार, सिस्सू

आज अटल बोगदा. सकाळी सातला निघूनही मनालीच्या पुढे गाड्यांची रांग लागली. मे महिन्यात सगळा उत्तर भारत इथे बर्फ बघायला आलेला असतो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. भाऊजी चिडले, मुलं कंटाळली, मी दुसरा मोजा विणायला घातला. रांगेत अडकलेली गाडी स्थिर असते, पोट ढवळत नाही आणि कुणी ‘जरा ऊठ’ म्हणत नाही. सोलंगच्या अलीकडे मेंढ्यांचा एक कळप रस्त्यावर आला. गद्दी धनगर उन्हाळ्यात कळप घेऊन वरच्या कुरणांकडे, बोगद्यापलीकडच्या लाहौलकडे निघतात. पुढे म्हातारा, कमरेला काळ्या लोकरीच्या दोरखंडाचे वेढे, मागे दोन केसाळ कुत्रे. मेंढ्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या. धाकट्यानं खिडकीतून हात काढून एकीच्या पाठीला लावला. ‘आई, हिचा स्वेटर तेलकट आहे!’ तेलकटच असतो. त्या तेलामुळे तिच्या अंगावरून पाणी ओघळून जातं, आणि धुताना ते सगळं काढलं नाही तर विणलेल्या मोज्यातूनही थोडं पाणी ओघळतं.

बोगदा 9.02 किलोमीटरचा आहे. ऑक्टोबर 2020मध्ये खुला झाला. त्याआधी लाहौलला जायचं तर 3978 मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि हिवाळ्यात ती महिनोन्‌महिने बंद. लाहौल तेवढा काळ जगापासून तुटलेलं. सिस्सू साधारण 3100 मीटरवर आहे. बोगद्यातून बाहेर पडल्यावर हिरवाई गायब, उघडे डोंगर, पलीकडच्या कड्यावरून धबधबा आणि पार्किंगमध्ये मॅगीची दुकानं.

दुकानांच्या ओळीत दोन-तीन बायका मोजे आणि हातमोजे मांडून बसलेल्या. लाहौलच्या विणलेल्या मोज्यांना आणि हातमोज्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि ते का आहे हे हातात घेतल्यावर कळतं. पट्ट्यांमध्ये भडक रंग, तांबडा, हिरवा, पिवळा, काळा. आतली बाजू उलटून बघितली तर सोडलेले धागे एकसारखे सैल, कुठेही ओढ नाही. रंगीत विणकामात आतली बाजू खोटं बोलत नाही. धागा जास्त ओढला तर मोजा पायात जात नाही, सैल सोडला तर अंगठा अडकतो.

शेजारी दिल्लीकडचं एक कुटुंब किंमत निम्मी करायला बघत होतं. मला तिथे उभं राहवेना. एका जोडीत किती संध्याकाळी जातात हे ज्याला माहीत आहे त्याच्यानं घासाघीस होत नाही. मी सांगितलेल्या किमतीला दोन जोड घेतले आणि नवऱ्यानं भुवई उंचावली ती उंचावू दिली. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, पूर्वी हे सगळं बर्फात व्हायचं. शेत बंद, रस्ता बंद, तंदूरभोवती सगळ्या जणी, वर्षाचे मोजे त्या महिन्यांत. आता हिवाळ्यातही गाड्या येतात, पाहुणे येतात, चहा करावा लागतो. ‘कमाई अच्छी है, टाइम नहीं है.’ आजारी माणसाला हिवाळ्यात कुलूच्या इस्पितळात नेता येतं, त्यामुळे बोगद्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. विणायला मात्र आता त्यांनाही गिऱ्हाइकांमधली फट शोधावी लागते. बोलता बोलता त्यांच्या मांडीवरचा हातमोजा अंगठ्यापर्यंत आला होता.

गुरुवार, मनाली

एकही ओळ नाही. हिडिंबेचं देऊळ, मॉल रोड, मुलांचं राफ्टिंग, भाच्याचं पोट बिघडणं, औषधाचं दुकान, खिचडी कुठे मिळेल याचा शोध.

शुक्रवार, कुलू

परतीचा दिवस, पण गाडी पहाटेची, म्हणून दुपार कुलूत. ताईंना शाली घ्यायच्या होत्या. भुट्टिकोच्या दुकानात गेलो. भुट्टी गावातल्या विणकरांची ही सहकारी संस्था 1944 सालची. मागावर शालीच्या काठाची नक्षी घालणारा माणूस बघत मी बराच वेळ उभी राहिले. शालीचं मधलं अंग धोट्यानं भराभर सरकतं. काठावर आला की धोटा बाजूला, आणि रंगीत धाग्यांचे छोटे तुकडे बोटांनी ताण्यात गुंतवायचे, एकेका रंगाचा वेगळा. काठ हातभर रुंद असेल तर दिवस कसे जातात ते दिसतंच होतं. ताईंनी तीन शाली घेतल्या, एक भाचीला. ‘बाळंतपणात पांघरायला,’ म्हणाल्या.

मी बाजारात लोकर शोधली. इथली देशी मेंढीची लोकर, न रंगवलेली, पांढरी, करडी आणि तपकिरी, वजनावर. हाताला खरखरीत, वास मेंढीचा. बाळासाठी अजिबात नाही. माझ्यासाठी घेतली. त्या पायवाटेवरच्या बाईंसारखा दोन रंगांचा मोजा करून बघायचा आहे. नक्षीच्या वहीत त्यांची शंकरपाळी काढून ठेवली, चौकटीच्या कागदावर, बारा टाक्यांचा एक घास, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा.

ताई मागून आल्या. ‘हे कशाला आता? आधी माझं स्वेटर.’

रात्री घाट उतरताना दुसऱ्या मोज्याची टाच वळवली. बंद डोळ्यांनी.

शनिवार-रविवार, परतीची झेलम

अंबाल्याला गाडी पहाटे आली. सगळे दमलेले, त्यामुळे पत्ते नाहीत. मला हवं तसं. स्वेटरचं अंग नग्गरच्या सकाळींतच काखेपर्यंत आलं होतं, आता जाळी संपलेली, खाली नुसतं सुलट-उलट. दिल्ली ते झाशी अंग आणि तळचा काठ. झाशी ते इटारसी एक बाही. बाही छोटी असते पण गोल विणायला त्रासाची, दर चार टाक्यांनी दोरीचा फास ओढावा लागतो.

या प्रवासात कामाची आणखी वाटणी झाली, आणि ती मी केली नाही. लेकीला कंटाळा आला होता म्हणून तिनं काट्यावर धागा गुंडाळून टोपड्यासाठी गोंडा केला. एक काही जमला नाही, मग दुसरा, मग पिस्ता रंगाचा तिसरा, तो झकास झाला. धाकट्यानं कुलूच्या लोकरीची लड दोन्ही गुडघ्यांवर ताणून धरली आणि भाच्यानं गुंडा केला, पोट बरं झाल्याच्या आनंदात. टोपड्याचे बंद आईंनी क्रोशाच्या साखळीनं केले. ‘तुझ्या सुयांनी बंद करायला पंचमी उजाडेल,’ म्हणाल्या.

भुसावळला मध्यरात्र उलटली तरी मी जागी होते. दुसरी बाही निम्मी झाली आणि डोळे मिटायला लागले. रविवारी दुपारी पुणे. रिक्षात बसता बसता ताईंनी हिशेब घेतला: टोपडं झालं, मोजे झाले, दुपट्याची एक कड राहिली, स्वेटरला अर्धी बाही आणि गळ्याची पट्टी. घरी कैऱ्या पिकायला लागल्या होत्या, मीठ-मोहरीची तयारी करायची होती आणि मंगळवारी मुंज. अर्धी बाही मुंजीत होईल. मंगलाष्टकं चालू असताना मागच्या खुर्चीवर कुणी बघत नाही. मग सगळं कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवायचं. राहता राहिली बटणं. ती तुळशीबागेतून ताईच आणणार आहेत, कारण रंगाच्या बाबतीत त्यांचा माझ्यावर विश्वास नाही.